मोटर खरंच गेली का? मेगरच्या तिसऱ्या टोकाचा उपयोग



२२ जुलै २०२१ रोजी सावित्रीच्या पुरात महाड बुडाले, पोलादपूर तालुक्यात दरडी कोसळल्या. पुढे तिकडच्या आमच्या पाहुण्यांच्या विहिरीतील पाणबुडी मोटर तपासली, तर मेगर १ मेगोहमच्याही खाली. "वाइंडिंग गेलं, मोटर वर काढा," असा सल्ला त्यांना मिळाला होता. पण स्टार्टरच्या पेटीत केबलच्या टोकांवर गाळ होता. मोटर दोषी की गाळ?

मेगरला लाइन व अर्थ यांखेरीज तिसरे टोक असते, ते गार्ड. आपण ते मोकळेच सोडतो. उसाच्या वजनात गाडीचे वजन धरून चालत नाही, तसेच इथे आहे.

हिशोब पाहा. दाब ५०० व्होल्ट. मोटरचे इन्सुलेशन २० मेगोहम, तर त्यातून २५ मायक्रोअँपिअर गळती. ओल्या गाळाची वाट १ मेगोहमची, तर तिच्यातून ५००. मेगर दोन्ही मिळून ५२५ मोजतो आणि ०.९५ मेगोहम दाखवतो. मोटर चांगली, पण बदनाम!

जोडणी अशी करावी :

१) मेन स्विच बंद करून फ्यूज काढा. केबल स्टार्टरमधून सोडवा.

२) तिन्ही शिरांच्या इन्सुलेशनवर उघडी तांब्याची तार गुंडाळून गार्डला जोडा. ती शिरेच्या तांब्याला किंवा अर्थला लागता कामा नये.

३) लाइन एका शिरेला, अर्थ मोटरच्या अर्थिंगला जोडा. बाकी दोन टोके मोकळी ठेवा.

४) एकसारख्या गतीने एक मिनिट फिरवून आकडा वाचा. नंतर शीर अर्थला टेकवून साठलेली वीज उतरवा.

गार्ड व लाइन जवळजवळ एकाच दाबावर असतात, म्हणून त्यांच्यामध्ये पृष्ठभागावरून गळती होत नाही. गाळातली गळती गार्डमधून परस्पर जाते, मीटरमध्ये येत नाही.

गार्डशिवाय आकडा कमी आणि गार्ड लावून चांगला, तर दोष टोकांवरचा. टोके पुसून, वाळवून पुन्हा गार्डशिवाय मोजा. तो आकडा सुधारल्याशिवाय मोटर चालू करू नका. दोन्ही वेळा कमी, तर केबल, तिचा पाण्यातला जोड किंवा वाइंडिंग खराब; मोटर वर काढावीच लागेल.

गार्ड दोष घालवत नाही, दोष कुठे आहे ते सांगतो. ओली पेटी तशीच चालू केली तर माणूस जातो, आणि चांगली मोटर उगाच भरली तर पैसा जातो. हे काम जाणत्या वायरमनकडूनच करवून घ्या. पण गार्ड लावला का, एवढे जरूर विचारा.