टेम्पो : एक शब्द आणि एक वाहन
(द्वितीय वर्ष, कला)

माझे वडील जुहूजवळ इर्ल्याच्या नाक्यावर टेम्पो लावतात. त्या गाडीवर 'टाटा' हे नाव ठळक अक्षरांत आहे. मग तिला टेम्पो का म्हणायचे, असे मी त्यांना एकदा विचारले. ते म्हणाले, "गिऱ्हाईक टेम्पोच मागतं. दुसरं काही बोललं तर त्याला कळत नाही." या साध्या उत्तरामुळे मी या शब्दाच्या मागे लागले.

'टेम्पो' हे मुळात एका जर्मन कंपनीचे नाव. हॅम्बुर्ग येथील विडाल आणि सोन यांचा तो कारखाना. १९२८ नंतर जर्मनीत २०० घनसेंटीमीटरपर्यंतच्या इंजिनाच्या गाडीला चालक-परवाना व वाहनकर लागत नसे. लहान व्यापाऱ्याला परवडेल अशी तीनचाकी मालगाडी त्यामुळे तेथे लोकप्रिय झाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत चारचाकी गाड्या वाढल्या व तीनचाकीचे दिवस सरले. आपल्याकडे मात्र ते नुकतेच सुरू होत होते. अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) स्वातंत्र्यसैनिक नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने १९५८ साली बजाज टेम्पो कंपनी स्थापन झाली आणि जर्मन सहकार्याने 'हॅन्सीट' ही तीनचाकी गाडी तयार होऊ लागली. हा कारखाना प्रथम आपल्या गोरेगावात होता, हे वाचून मला नवल वाटले. १९६४ मध्ये तो पुण्याजवळ आकुर्डीस गेला.

हॅन्सीटची रचना पाहण्यासारखी होती. पुढे एक चाक, मागे दोन. इंजिन पुढच्या चाकावरच बसवलेले आणि गाडी ओढण्याचे कामही त्याच चाकाकडे. त्यामुळे मागचा हौदा मालासाठी पूर्ण मोकळा राही. गल्लीबोळांत ती सहज वळे, पण भरधाव वळणावर तीनचाकीचा तोल संभाळणे चालकाला अवघड जाई.

१९६९ साली याच कंपनीची चारचाकी 'मॅटाडोर' आली. १९८० नंतर जपानी सहकार्याच्या हलक्या मालगाड्या देशात येऊ लागल्या. त्यांच्या स्पर्धेत १९८६ साली टाटांची ४०७ उतरली व टिकली. तरीही एका माणसाने कर्ज काढून घ्यावी इतकी स्वस्त चारचाकी नव्हती.

ती मे २००५ मध्ये आली. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात तयार झालेली 'टाटा एस'. आपण तिला 'छोटा हत्ती' म्हणतो. इंजिन दोन सिलिंडरचे, ७०२ घनसेंटीमीटरचे. जणू इंडिका मोटारीच्या इंजिनाचे अर्धे. शक्ती अवघी १६ अश्वशक्ती आणि किंमत सव्वादोन लाखांच्या आसपास. मोठ्या ट्रकला शहरात दिवसा बंदी असते. वेशीवर उतरलेला माल दुकानापर्यंत नेण्याचे काम या गाडीने उचलले. २०२२ साली तिचे विजेवर चालणारे रूपही आले. योगायोग असा की २००५ सालीच बजाज टेम्पोचे नाव 'फोर्स मोटर्स' झाले. म्हणजे कंपनीने 'टेम्पो' सोडला, लोकांनी सोडला नाही.

ही गाडी तयार करण्यापूर्वी अभियंते तीनचाकीच्या चालकांना भेटले होते. त्यांतील एकाने, चारचाकी असेल तर गावात लग्न जमणे सोपे जाईल, असे सांगितल्याची हकिकत प्रसिद्ध आहे. ती वाचताना प्रथम मला हसू आले. नंतर आठवले की, महाविद्यालयाच्या प्रवेश-अर्जात 'पालकांचा व्यवसाय' या रकान्यात मी 'वाहतूक' असे मोघम लिहिले होते. 'टेम्पोचालक' लिहिण्याची मला लाज वाटली होती. त्या चालकाला चौथ्या चाकाबरोबर जे हवे होते, तेच मी त्या मोघम शब्दात शोधत होते.

वडिलांच्या गाडीचे हप्ते अजून दोन वर्षे आहेत. पहाटे दादरहून फुले, दुपारी कुणाचे घरसामान, रात्री मांडवाचे बांबू, अशा भाड्यांतून ते फिटतात आणि माझी फीही त्यातूनच भरली जाते. पुढील वर्षीचा अर्ज मी लवकरच भरणार आहे. त्या रकान्यात काय लिहायचे, हे आता मला ठाऊक आहे.