मोजणीची वही

सोलापूर जिल्ह्याच्या उत्तर अंगास बार्शी तालुका पसरलेला आहे. भूम आणि परंडा हे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील दोन तालुके त्याला लागूनच आहेत. ज्वारीची व तुरीची शेते, उन्हाळ्यात कोरडे पडणारे ओढे आणि दूरदूर विखुरलेली खेडी, असा हा मुलूख. बार्शी गावी भगवंताचे मंदिर आहे, मोठी बाजारपेठ आहे. परंतु याच गावाच्या नावाची एक नोंदवही रोगांचा अभ्यास करणाऱ्या पंडितांमध्ये देशोदेशी माहीत आहे, हे फारच थोड्यांना ठाऊक असेल.

खेड्यातील बाईला दुखणे अंगावर काढण्याची सवय असते. पहाटे उठून पाणी भरायचे, भाकरी थापायच्या, मग दिवसभर शेतात खुरपणी करायची. आपल्याला काही होते आहे हे सांगायला तिला उसंत नसते, आणि काही दुखणी अशी असतात की ती सांगण्याची तिला लाजही वाटते. दवाखाना दूर असतो, जाण्यायेण्यात रोजगार बुडतो. ताप किंवा खोकला असेल तर हे एक वेळ निभावून जाते. कर्करोगाच्या बाबतीत मात्र ते निभावत नाही. शरीरातील काही पेशी ताळतंत्र सोडून वाढू लागल्या म्हणजे हा रोग होतो. आरंभी तो एका जागी असतो तेव्हा त्यावर इलाज चालतो. पसरल्यावर मोठमोठे डॉक्टरही हतबल होतात. या भागातील स्त्रियांमध्ये गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग विशेष आढळत असे, आणि रोगी रुग्णालयात पोहोचत तो बहुधा फार उशीर झालेला असे.

बार्शीस कर्करोगाचे एक रुग्णालय उभे राहिले. १९८१ साली कर्करोगाने निधन पावलेल्या अभिनेत्री नर्गिस दत्त यांचे नाव त्यास देण्यात आले. तेथील शल्यविशारद डॉ. भगवान नेने आणि त्यांचे सहकारी यांच्यापुढे एक साधा प्रश्न होता : या खेड्यांतून कर्करोगाचे रोगी आहेत तरी किती? मुंबई शहरात अशी मोजदाद १९६३ सालापासून होत होती. शहरात ते सोपे असते, कारण रोगी रुग्णालयात येतो, त्याचे निदान होते आणि तेथील कागदपत्रांवरून नोंद करता येते. खेड्यात रोगी दवाखान्यापर्यंत येतच नाही. तो घरातल्या घरात झिजतो, आणि मेल्यावर कशाने मेला हेही कोणी लिहून ठेवीत नाही. जो कागदावर उमटतच नाही, त्याची मोजणी व्हावी कशी?

यावर त्यांनी काढलेला तोडगा मोठा सरळ होता. रोगी वहीपर्यंत येत नसेल, तर वहीने रोग्यापर्यंत जावे. १९८७ साली बार्शी, भूम व परंडा या तालुक्यांतील ३४६ खेड्यांसाठी कर्करोगाची नोंदणी सुरू झाली. ग्रामीण भागासाठी झालेली भारतातील ही पहिलीच कर्करोग नोंदणी होय. नोंदणीचे कार्यकर्ते ठरावीक काळाने गावोगाव जाऊ लागले. गावातील जाणत्या मंडळींना ते भेटत आणि विचारपूस करीत. कोणाच्या अंगावर गाठ आली आहे काय? कोणाच्या तोंडातील जखम भरत नाही काय? कोणाला घास गिळताना त्रास होतो काय? एखाद्या बाईला अवेळी रक्तस्राव होतो काय? असे कोणी आढळले म्हणजे ते त्याला धीर देत आणि बार्शीस तपासणीला येण्याचा आग्रह धरीत. हा रोग वेळीच कळला तर बरा होऊ शकतो, हेही ते लोकांना समजावून सांगत.

हेतू एवढाच होता की मोजणी अचूक व्हावी. परंतु विचारणारा माणूस दाराशी आला, तशा न बोलणाऱ्या बायका बोलू लागल्या. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाच्या शंभर रोग्यांपैकी आरंभीच्या अवस्थेत येणाऱ्या १९८८-८९ मध्ये ३८ होत्या, त्या १९९०-९२ मध्ये ५१ झाल्या. मधल्या काळात कोणतेही नवे औषध तेथे आलेले नव्हते. केवळ कोणीतरी येऊन विचारले होते.

मग याच्याही पुढचे पाऊल पडले. लक्षणे दिसण्यापूर्वीच रोग हेरता येईल काय, हे पाहण्याचे ठरले. या कामी मुंबईचे टाटा स्मारक केंद्र व फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था बार्शीच्या रुग्णालयाबरोबर आल्या. १९९९ साली आजच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचे चार गट करण्यात आले. तीन गटांना प्रत्येकी एका वेगळ्या पद्धतीची चाचणी एकेकदाच देऊ करण्यात आली. त्यांपैकी एका चाचणीने एच. पी. व्ही. नावाचा विषाणू शोधला जाई. हाच विषाणू बहुतेक वेळा या रोगाचे मूळ असतो. चाचणीचे काम प्रशिक्षण दिलेल्या परिचारिकांनी केले. चौथ्या गटास माहिती मिळाली, पण अशी चाचणी मिळाली नाही.

आठ वर्षांनंतरचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. चाचणी न मिळालेल्या ३१,४८८ स्त्रियांपैकी ६४ या रोगाने दगावल्या. विषाणूची चाचणी देऊ केलेल्या गटात ३४,१२६ स्त्रिया, म्हणजे संख्येने अधिकच होत्या. त्यांपैकी दगावल्या ३४. इतर दोन पद्धतींनी मृत्यूंत एवढी घट झाली नाही. चौथ्या गटास चाचणीविना ठेवणे न्याय्य होते काय, असा प्रश्न पुढे अनेकांनी उपस्थित केला. तो वावगा नव्हता. त्या ६४ जणीही कोणाच्या तरी आया होत्या.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली या रोगाच्या तपासणीसाठी विषाणूच्या चाचणीलाच अग्रक्रम दिला. पुण्यात तयार झालेल्या प्रतिबंधक लशीला २०२२ साली भारतात परवानगी मिळाली. ती मुलींना लहान वयातच टोचली तर अधिक गुणकारी ठरते. इकडे बार्शीच्या वहीचा कित्ता शेजारीही गिरवला गेला, आणि पुढे धाराशिव व बीड या जिल्ह्यांतही कर्करोगाची नोंद ठेवली जाऊ लागली.