चढावर वायपर रुसतो तेव्हा

अगं, आजोबांची जीप तू घेतलीस तेव्हाच मला वाटलं होतं, पहिलं गाऱ्हाणं वायपरचं येणार. आंबा घाटात पाऊस कोसळतोय, तू ॲक्सिलरेटर दाबतेस आणि नेमका तेव्हाच वायपर अर्ध्यात थबकतो, हेच ना? त्याची जातच तशी गं. सीजे-३बीच्या त्या वायपरला वीज लागत नाही, तो इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतो. पाय हलका असला की कार्बुरेटरची झडप मिटलेली असते, खेच भरपूर मिळते. चढावर झडप सताड उघडली की खेच संपलीच.

मेकॅनिक लगेच ‘इलेक्ट्रिक टाका ताई’ म्हणेल. थांब जरा. आधी रबरी नळी बघ. जीपची काच पुढे आडवी पडते ना, तिथे वाकून वाकून नळीला चिरा जातात. चिरलेल्या नळीने शहाळं पिऊन बघ, म्हणजे कळेल! जाड भिंतीची व्हॅक्यूम होज घाल. पातळ नळी आतल्या आत चेपते.

मग नळी काढून वायपर हाताने फिरव. जड वाटला तर मोटर उघड. आत एक पातं असतं, त्याच्या कडेला चामडं किंवा रबर. चामडं वाळलं असेल तर हलक्या तेलाचे दोन-चार थेंब दे. रॉकेलने मात्र धुऊ नकोस, आणखी कडक होईल.

गेजही लावून घे. सपाटीला, इंजिन नुसतं चालू असताना पारा १७ ते २१ इंच हवा. कमी दिसला तर दोष व्हॉल्व्ह-रिंगांत शोध, वायपरला बोल लावू नकोस.

एवढं करूनही घाटात पुरत नसेल तर वन-वे व्हॉल्व्ह लावलेली छोटी पत्र्याची टाकी मध्ये बसव. साठलेल्या खेचीवर आणखी काही फेऱ्या निघतात. लांबच्या चढावर तीही रिकामी होते. तेव्हा क्षणभर पाय उचलायचा, काच पुसली जाते.

आणि हो, कुणी मधल्या काळात डिझेल इंजिन बसवलंय का? असेल तर ही सगळी खटपट फुकट. साध्या डिझेलमध्ये तशी खेचच नसते, सरळ इलेक्ट्रिक घे. पेट्रोलवर असूनही बदलायचाच असेल तर बॅटरी ६ व्होल्टची की १२ची ते आधी पाहा, आणि मॅनिफोल्डवरचं नळीचं तोंड घट्ट बंद करून घे. ते उघडं राहिलं तर इंजिन आयडलला धडधडेल आणि तू पुन्हा मलाच फोन करशील.