कसर आणि कोसा: दोन पतंगांची ओळख

मत्तयाच्या ६व्या अध्यायातली कसर आपण जाणतो. लोकरी कपडे खाणारी तिची अळी टिनिइडी कुळातली. गडचिरोलीच्या पानगळीच्या डोंगररानात ऐन व अर्जुन झाडांवर वाढणारा टसर पतंग, अँथेरिया मायलिटा, मात्र सॅटर्निइडी कुळातला. खुणा पाहा: चारही पंखांवर काचेसारखा पारदर्शक ठिपका, नराच्या मिशा पिसासारख्या रुंद. पतंगाला खाण्याजोगे तोंडच नसते; जोडी जमते, मादी अंडी घालते आणि थोड्याच दिवसांत आयुष्य संपते. देठाने फांदीला लटकलेला टणक कोष म्हणजे कोसा. त्यावर कित्येक घरांची चूल पेटते. म्हणून गावच्या बैठकीत मी सांगते: रानातले सगळेच कोसे उतरवू नका, काही बियाण्याला राखा, ऐनाची झाडे तोडू नका. या कुटुंबांच्या येत्या हंगामासाठी प्रार्थना करा.