आरोग्य पान : पाणी कमी पिणाऱ्या ताई



वस्तीत तपासणीला गेलो की आम्ही एक प्रश्न हमखास विचारतो. दिवसाला पाणी किती पिता? कर्जतजवळच्या एका वस्तीत एक ताई आहेत. मधुमेहामुळे त्यांचा एक पाय गुडघ्याखाली काढावा लागला. त्या म्हणाल्या, "दीड-दोन पेले. जास्त प्यायलं की जावं लागतं ना."

सार्वजनिक संडास घरापासून लांब, त्याला तीन पायऱ्या, आत उकिडवे बसायचे भांडे. मुलगा कामावरून येईपर्यंत ताई लघवी दाबून बसतात. वर्षभरात तीनदा लघवीचा संसर्ग झाला. दर वेळी गोळ्या मिळाल्या, पण संडासाला पायऱ्या किती, हे कोणी विचारले नाही. नोकरीत असताना आम्हीही विचारत नव्हतो.

पाणी कमी पडले आणि लघवी दाबून ठेवली की जंतू धुऊन जात नाहीत, आतच वाढतात. जळजळ, गढूळ लघवी, थंडी वाजून ताप ही खूण. मधुमेह असेल तर हा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोचायला वेळ लागत नाही, म्हणून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पाणी आठ-दहा पेले हवेच. मात्र हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारासाठी डॉक्टरांनी पाणी मोजून दिले असेल तर तेवढेच प्यावे.

घरात लगेच होण्यासारखे एक काम आहे. मजबूत लाकडी खुर्चीला मधोमध भोक पाडा, खाली बादली, बाजूने जुन्या साडीचा पडदा. प्लास्टिकची खुर्ची घेऊ नका, कापल्यावर ती चिरते आणि माणूस पडतो. अंथरुणाला खिळलेल्यांची कूस दर दोन तासांनी बदला. टाचा आणि माकडहाड रोज बघा. लाली दिसली तर तिथे भार देऊ नका.

पण खुर्ची-बादली हा कायमचा उपाय नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 सालचा. त्याचे नियम जून 2017 मध्ये आले आणि जुन्या सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुगम करायच्या होत्या. ती मुदत 2022 मध्येच संपली. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सुगमतेचे किमान निकष ऐच्छिक नाहीत, ते सक्तीचेच हवेत. कागद आणि पायरी यांतले हे अंतर आपल्याला नवे नाही. सार्वजनिक पाणवठे, शाळा, कचेऱ्या आणि दवाखाने सर्वांना खुले, असा बोले ठराव 1923 चा. तरी 1927 साली बाबासाहेबांना आपल्याच जिल्ह्यात, महाडला, चवदार तळ्यावर जावे लागले.

हक्क मागायला आधी प्रमाणपत्र लागते. आता 21 प्रकार धरले जातात, सिकलसेल आणि थॅलेसेमियासुद्धा. जिल्हा रुग्णालय अलिबागला. कर्जतहून खोपोली लोकल, तिथून एसटीने पेण, मग अलिबाग. एका पायाच्या माणसाने हा प्रवास करून आपण अपंग असल्याचे सिद्ध करायचे! म्हणून आधी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरा, तपासणीचा वार फोनवर विचारा, तालुक्याला शिबिर आहे का तेही विचारा, आणि आधार, फोटो, शस्त्रक्रियेचे जुने कागद घेऊनच निघा. 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर एसटीची सवलत आणि इतर योजनांची वाट मोकळी होते.

ग्रामपंचायत असो की नगरपरिषद, स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करणे तिला बंधनकारक आहे. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत लेखी विचारा, गेल्या वर्षीचे पैसे कुठे गेले? नगरपरिषदेत असाल तर मुख्याधिकाऱ्यांना अर्ज द्या आणि पोच घ्या. संडासाला एक बैठे भांडे, भिंतीला धरायला दांडा आणि उतार, एवढेच मागा. उतार कसाही चालत नाही. एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते. त्याहून उभा केला तर खुर्ची मागे कलंडते. असे घसरगुंडीसारखे रॅम्प आम्ही दवाखान्यांतही पाहिले आहेत, फोटोपुरते बांधलेले.

आणि आपल्या विहाराचे काय? त्या ताईंच्या वस्तीतल्या विहाराला दोन पायऱ्या आहेत. पौर्णिमेला ताई बाहेर रस्त्यावर खुर्ची टाकून वंदना घेतात. दोन्ही पायऱ्या मिळून एक फूट भरते, अंगणात बारा फूट जागा आहे. वर्षावास सुरू होण्याआधीच्या रविवारी आम्ही टेप घेऊन येतो. वस्तीतल्या गवंडीकाम करणाऱ्या भावांनी त्या दिवशी सकाळी थांबावे.