घरगुती संगणकासाठी एसएसडीची पारख

संगणकातील माहिती कायमची जपून ठेवण्याचे काम पूर्वी सर्वस्वी चुंबकीय हार्ड डिस्ककडे होते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीस एका फेऱ्यासाठी सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे हवी ती नोंद वाचनशीर्षाखाली येण्यासाठी सरासरी ४ मिलिसेकंदांहून अधिक काळ थांबावे लागते. शीर्ष योग्य वर्तुळावर नेण्याचा वेळ निराळाच. सॉलिड स्टेट ड्राइव्ह, म्हणजेच एसएसडी, हिच्यात फिरणारा भागच नसल्यामुळे ही प्रतीक्षा जवळजवळ नाहीशी होते. एसएसडी बसवताच जुना संगणक चपळ वाटू लागतो, याचे कारण हेच होय.

एसएसडीचा गाभा म्हणजे नँड फ्लॅश स्मृती. जपानमधील तोशिबा कंपनीचे फुजिओ मासुओका आणि त्यांचे सहकारी यांनी ती १९८७ साली जगापुढे मांडली. तिच्यातील प्रत्येक सूक्ष्म कप्प्यात विद्युतभार साठवला जातो. कप्प्यात एकच बिट ठेवावयाचा असेल, तर भाराच्या दोन पातळ्या ओळखणे पुरते. तीन बिटांसाठी आठ आणि चार बिटांसाठी सोळा पातळ्या ओळखाव्या लागतात. तीन बिटांच्या प्रकारास टीएलसी व चार बिटांच्या प्रकारास क्यूएलसी म्हणतात. पातळ्यांची दाटी वाढली की साठवण स्वस्त होते. परंतु लेखन मंदावते आणि कप्पे लवकर झिजतात.

आता वेष्टनावर ठळकपणे छापलेल्या वेगाचा विचार करू. सॅटा जोडणीतून सेकंदाला ६ गिगाबिट जातात. मात्र दर दहा बिटांपैकी दोन सांकेतिक रचनेसाठी खर्च होत असल्याने प्रत्यक्षात ६०० मेगाबाइटची मर्यादा उरते. त्यामुळे या जातीच्या बहुतेक एसएसडींवर ५५० च्या आसपासचाच आकडा आढळतो. तो दाराची रुंदी सांगतो; घरातील व्यवस्था सांगत नाही.

एक उदाहरण पाहू. सॅमसंगच्या ८७० इव्हो (टीएलसी) व ८७० क्यूव्हीओ (क्यूएलसी) या एक टेराबाइटच्या दोन्ही एसएसडींचा लेखनवेग निर्मात्याने सेकंदाला ५३० मेगाबाइट असाच दिला आहे. क्यूव्हीओमध्ये मात्र हा वेग कमाल ४२ गिगाबाइटच्या जलद साठ्यापुरताच टिकतो. तो भरला की वेग ८० वर येतो. १०० गिगाबाइट चित्रफिती सलग उतरवावयाच्या असल्यास, ५३० चा वेग टिकल्यास तीन मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागेल. क्यूव्हीओला पहिल्या ४२ गिगाबाइटसाठी सव्वा मिनिटाहून थोडे अधिक आणि उरलेल्या ५८ साठी बारा मिनिटे, असा एकूण सुमारे साडेतेरा मिनिटांचा अवधी लागेल. पत्रव्यवहार व हिशेब करणाऱ्यास हा भेद जाणवणारही नाही. चित्रफितींचे संपादन करणाऱ्यास तो पदोपदी जाणवेल.

झिजेची भीती मात्र बहुधा अनाठायी असते. या दोहोंची हमी अनुक्रमे ६०० व ३६० टेराबाइट लेखनाची आहे. रोज ३० गिगाबाइट लिहिले, तरी ३६० टेराबाइट होण्यास १२,००० दिवस, म्हणजे सुमारे तेहतीस वर्षे लागतील. वर्षांत मोजलेली हमी, अनुक्रमे पाच व तीन वर्षांची, त्याच्या कितीतरी आधीच संपते.

तेव्हा पारख करताना पुढील क्रम ठेवावा. प्रथम आपल्या संगणकात कोणती जोडणी आहे ते पाहावे. जोडणीपेक्षा वेगवान एसएसडीवर केलेला जादा खर्च वाया जातो. नंतर कप्प्यांचा प्रकार आणि जलद साठा संपल्यानंतरचा वेग माहितीपत्रकात शोधावा. प्रत्यक्ष चाचणी घेताना शंभरेक गिगाबाइट सलग उतरवून पाहावे. मात्र मूळ माहिती तितक्याच वेगवान साधनावर असावी, अन्यथा मोजला जाईल तो त्या साधनाचा वेग. एसएसडी बरीच भरल्यावर हीच चाचणी पुन्हा घ्यावी, कारण मोकळी जागा घटली की जलद साठाही पुष्कळदा आक्रसतो.

अखेरची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हार्ड डिस्क पुष्कळदा खरखरून पूर्वसूचना देते. एसएसडी मात्र निःशब्दपणे बंद पडू शकते. पुसलेल्या माहितीचे कप्पेही ती स्वतःच रिकामे करीत असल्याने ती माहिती परत मिळण्याची आशा फारशी उरत नाही. म्हणून कुटुंबाची छायाचित्रे व कागदपत्रे यांची दुसरी प्रत अन्य साधनावर ठेवणे हे उत्तमातील उत्तम एसएसडी घेणाऱ्यासही चुकत नाही.