सीलिंग स्पीकर निवडताना वॉट नंतर, छत आधी

व्हिडिओत स्पीकर बसवताना पाहिलात. पण धंद्यातला नफा-तोटा त्याआधीच ठरतो. हा हिशोब साइटवर जाताना मोबाईलवर उघडून ठेवा.

ग्राहकाचा पहिला प्रश्न ठरलेला: "किती वॉटचा आहे?" तुम्ही सुरुवात छतापासून करा. फॉल्स सीलिंग बंद झाल्यावर काही बदलायचं म्हणजे तोडफोड, पुट्टी, पुन्हा रंग. हा खर्च ग्राहक देत नाही, तुमच्या खिशातून जातो.

१. जागा मोजा. ६.५ इंच हे कोनचं माप आहे, छताला पाडायचं भोक त्याहून मोठं असतं. डब्यावरचं कटआउट आणि खोली बघा. स्लॅबपर्यंत तेवढी मोकळी जागा आहे का? मध्ये एसीचा पाइप किंवा चॅनेल येतंय का? फ्लॅट असेल तर बॅकबॉक्स सुचवा, वरच्या मजल्यावर आवाज कमी जातो.

२. वापर विचारा. किचनमध्ये सकाळची भजनं ऐकायची की हॉलमध्ये सिनेमा बघायचा? छोट्या बाथरूमला दोन ट्विटरचा एकच स्टिरिओ स्पीकर पुरतो, फक्त तो ओलावा सहन करणारा घ्या. सिनेमासाठी मात्र संवाद पडद्याच्या बाजूनेच यायला हवेत. ५.१.२ मधला शेवटचा २ म्हणजे छतातले स्पीकर. ते पुढच्या स्पीकरची जागा घेत नाहीत, हे विकण्याआधीच सांगा.

३. सेन्सिटिव्हिटी वाचा. ८७ डीबीचा स्पीकर ४० वॉटवर जेवढा वाजतो, तेवढाच ९० डीबीचा २० वॉटवर वाजतो. ३ डीबी वाढले की निम्मे वॉट पुरतात. ग्राहकाला वॉटचं उत्तर असं द्या.

४. ओहम जुळवा. ८ ओहमचे दोन स्पीकर पॅरलल जोडले की ४ ओहम होतात, चार जोडले की २. घरगुती अॅम्प्लिफायर सहसा २ ओहमसाठी नसतो, तो गरम होऊन बंद पडतो. खोल्या जास्त असतील तर मल्टिचॅनल अॅम्प्लिफायर द्या. दुकानं-हॉटेलांत वापरतात ते १०० व्होल्ट लाइनचे स्पीकर वेगळे, दोन्हींची सरमिसळ नको.

५. वायर. ८ ओहमला साधारण ५० फुटांपर्यंत १६ गेज चालते, त्यापुढे १४ गेज घ्या. गेजचा आकडा लहान तेवढी वायर जाड. लाइटच्या वायरसोबत एकाच पाइपमधून ओढू नका.

छत बंद होण्याआधी प्रत्येक वायरवर खोलीचं नाव लिहा, फोटो काढा आणि ग्राहकाला पाठवा. कोटेशनही दोन भागांत द्या: वायरिंगचे पैसे आधी, स्पीकरचे नंतर. ग्राहकाचं बजेट कमी असेल तर स्पीकर दिवाळीला बसतील, पण वायर आजच टाकायला हवी.

आजचा अभ्यास: स्वतःच्याच घरातली एक खोली मोजा आणि या पाच मुद्द्यांवर कोटेशन लिहा. पहिलं कोटेशन ग्राहकासमोर बसून लिहायची वेळ येऊ देऊ नका.